वाटेवरचा विसावा

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला खाट मिळते, त्या खाटेला क्रमांक असतो, आणि ठरावीक वेळांनी कोणी ना कोणी येऊन त्याची नाडी, ताप, रक्तदाब पाहून जाते. त्याच्यासोबत आलेल्या माणसाच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. तो औषधांच्या दुकानासमोरच्या रांगेत उभा असतो, लांबलचक मार्गिकेतील लोखंडी बाकावर बसलेला असतो, रात्री खाटेशेजारी चटई टाकून आडवा होतो. डोळा लागतो न लागतो तोच सलाइनची बाटली संपत आली की काय, या शंकेने तो पुन्हा उठून बसतो. भेटायला येणारे त्याच्याकडे रुग्णाच्या प्रकृतीची चौकशी करतात. त्याची स्वतःची प्रकृती सहसा कोणी विचारत नाही. आणि कोणी विचारलीच, तर ‘मला काय झालंय?’ असे म्हणून तोच विषय संपवतो.

आजार दीर्घकाळचा असला की हीच मार्गिका घरात येते. पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश, कर्करोग अशा दुखण्यांत शुश्रूषेचा हिशेब दिवसांनी होत नाही, वर्षांनी होतो. बहुतेक घरांत हा भार एकाच व्यक्तीच्या खांद्यावर येऊन ठरतो. ती पत्नी असते, सून असते, मुलगी असते. अलीकडे सत्तरी ओलांडलेले पतीही असतात. ‘चार दिवस कुठेतरी जाऊन या, बरे वाटेल,’ असे सांगणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. परंतु ज्याच्या हातून घास भरवला जातो, त्याला चार दिवस जाता येत नाही, आणि गेलाच तरी त्याचे मन घरातच राहते.

आपल्या भाषेत या गरजेसाठी एक नेमका शब्द आहे: विसावा. पालख्या पंढरीच्या वाटेला लागतात तेव्हा मुक्काम वेगळा असतो आणि विसावा वेगळा असतो. मुक्कामी रात्र काढायची असते. विसावा वाटेतच, थोडक्या वेळाचा असतो. पालखी टेकते, खांदे मोकळे होतात, घोटभर पाणी पोटात जाते आणि दिंडी पुढे निघते. विसाव्यासाठी वारीची वाट सोडावी लागत नाही. शुश्रूषा करणाऱ्याला ज्या विश्रांतीची खरी गरज असते, ती अशीच असते. आजच्या लेखात अशा विसाव्याच्या जागा बांधणाऱ्या काही विद्यार्थ्यांची ओळख करून द्यायची आहे. त्यांतला पहिला विद्यार्थी केवळ सतरा वर्षांचा होता.

इंग्लंडच्या दक्षिण भागात सॉल्झबरी नावाचे जुने गाव आहे. तेथील जिल्हा रुग्णालयात ‘ड्यूक ऑफ कॉर्नवॉल स्पायनल ट्रीटमेंट सेंटर’ हे मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांसाठीचे केंद्र आहे. घोड्यावरून पडलेला, मोटारीच्या अपघातात सापडलेला, उथळ पाण्यात सूर मारलेला, असा कालपर्यंत धडधाकट असलेला माणूस एका क्षणात कमरेखाली किंवा मानेखाली लुळा होऊन येथे येतो. अशा रुग्णाचा मुक्काम आठवड्याभराचा नसतो, तो महिनोन्महिने चालतो. होरेशिओ चॅपल हा शाळकरी मुलगा सुट्टीच्या दिवसांत या केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करीत असे. त्याचे वडील डेव्हिड चॅपल मणक्याचे शल्यचिकित्सक आणि आई डॉ. ऑलिव्हिया चॅपल कुटुंबवैद्य. त्यालाही पुढे वैद्यकाकडेच वळायचे होते.

रुग्णांच्या सहवासात वावरताना त्याला एक उणीव जाणवली. उपचार उत्तम होते, परंतु रुग्णाला खाटेवरून अथवा चाकाच्या खुर्चीवरून बाहेर पडून आपल्या माणसांसोबत मोकळ्या आकाशाखाली बसता येईल, अशी जागाच नव्हती. भेटायला आलेली पत्नी, मुले, आईवडील हे सारे कक्षातच, शेजारच्या खाटेवरच्या परक्या माणसाच्या कानावर पडेल अशा अंतरावर बसून बोलत. ज्या कुटुंबाचे सगळे आयुष्य नुकतेच उलटेपालटे झाले आहे, त्याला रडायला, भांडायला किंवा नुसते गप्प बसायलाही आडोसा नव्हता. येथे बाग हवी, असे होरेशिओला वाटले.

यानंतर त्याने जे केले, ते मोठ्यांनीही शिकण्यासारखे आहे. बाग कशी असावी हे त्याने स्वतः ठरवले नाही. त्याने एक प्रश्नावली तयार केली आणि ती रुग्णांच्या हाती दिली. जे दिवसभर छताकडे पाहत पडून असतात, त्यांना काय पाहायला आवडेल, हे त्यांनीच सांगावे, इतका साधा विचार त्यामागे होता. त्या उत्तरांतून बागेचा आराखडा आकार घेऊ लागला.

ती बाग पाहणे मात्र होरेशिओच्या नशिबी नव्हते. २०११ च्या उन्हाळ्यात तो विद्यार्थ्यांच्या एका मोहिमेबरोबर नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवर गेला होता. ५ ऑगस्ट रोजी त्यांच्या छावणीवर एका ध्रुवीय अस्वलाने हल्ला केला आणि त्यात होरेशिओचा मृत्यू झाला. त्याचे वय होते सतरा वर्षे. त्याच्या स्मरणार्थ लोकांनी मदत पाठवली. आईवडिलांनी ती मुलाच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाकडे वळवली. क्लीव्ह वेस्ट या नामवंत उद्यानरचनाकाराने आराखडा केला आणि २०१२ मध्ये सॉल्झबरीच्या त्या केंद्राला लागून ‘होरेशिओज गार्डन’ उभी राहिली.

या बागेची रचना समजून घेण्यासारखी आहे. मज्जारज्जूच्या रुग्णाला चाकाच्या खुर्चीचा लहानसा हादराही असह्य वेदना देऊ शकतो, त्याचे स्नायू आखडू शकतात. म्हणून येथील वाटा गुळगुळीत आहेत, त्यांना कोठेही उंबरा नाही. नुसती खुर्चीच नव्हे, तर रुग्णासह आख्खी खाट ढकलत बागेत आणता येते. मधोमध चुनखडीच्या दगडांच्या बुटक्या भिंती आहेत आणि त्यांचा आकार मणक्यांची आठवण करून देतो. या भिंतींवर नातलगांना बसता येते. ते बसले की त्यांचे डोळे खुर्चीतल्या रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. कक्षात उभा असलेला माणूस झोपलेल्या माणसाशी वरून बोलतो. बागेत दोघे समोरासमोर येतात. रुग्ण आणि भेटायला आलेला हे नाते तेवढ्यापुरते मागे पडते, आणि पुन्हा पती-पत्नी, बाप-लेक, जुने मित्र एकमेकांना भेटतात.

सॉल्झबरीपुरते हे काम थांबले नाही. होरेशिओच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेने पुढे ग्लासगो, स्टोक मँडेव्हिल, ऑस्वेस्ट्री, लंडनजवळचे स्टॅनमोर, कार्डिफ अशा ठिकाणच्या मज्जारज्जू केंद्रांतही बागा उभ्या केल्या. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील अशा अकराही केंद्रांना बाग देण्याचा तिचा संकल्प आहे. प्रत्येक बागेची निगा राखायला प्रमुख माळी असतो आणि त्याच्या हाताखाली स्वयंसेवक काम करतात. हा तपशील महत्त्वाचा आहे. बाग बांधणे सोपे असते, ती दहा वर्षांनी बागच राहील हे पाहणे अवघड असते. शुश्रूषेचेही तसेच आहे.

हिरवळीने मनाला बरे वाटते हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असते. तथापि त्याचा शास्त्रीय माग काढण्याचे प्रयत्नही झाले आहेत. त्यांतला सर्वाधिक उल्लेखिला जाणारा अभ्यास रॉजर उलरिक या अमेरिकी संशोधकाचा. तो १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी त्यांनी तपासल्या. काही खोल्यांच्या खिडक्यांतून झाडे दिसत, तर काहींतून केवळ विटांची भिंत. उलरिक यांनी दोन्ही प्रकारच्या खोल्यांतील प्रत्येकी २३ रुग्ण निवडले. वय, लिंग आणि प्रकृती अशा बाबींत मिळतीजुळती जोडी लावून त्यांनी तुलना केली. झाडांना पालवी असते तेवढ्याच, म्हणजे १ मे ते २० ऑक्टोबर या काळातील नोंदी घेण्याची दक्षताही त्यांनी घेतली. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांनी घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांनी. झाडे पाहणाऱ्यांना वेदनाशामकांच्या तीव्र मात्रा कमी लागल्या, आणि परिचारिकांच्या नोंदवहीत त्यांच्याविषयी ‘अस्वस्थ आहे’, ‘रडत आहे’ अशा अर्थाचे शेरेही कमी आढळले.

हा अभ्यास अवघ्या ४६ रुग्णांचा आहे, हे विसरू नये. झाड म्हणजे औषध नव्हे आणि बाग म्हणजे उपचार नव्हे. कोणी ‘बागेत बसा, गोळ्या बंद करा’ असे सांगू लागला, तर त्याचे ऐकू नये. मात्र भिंतीऐवजी झाड दिसल्याने माणसाचे दुखणे थोडे सुसह्य होत असेल, तर ते झाड नाकारण्याचेही कारण नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांच्या दृष्टीने त्याहून अधिक उपयोगी विचार मांडला आहे तो रेचेल आणि स्टीफन कॅपलन या मिशिगन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ दांपत्याने. त्यांच्या मते आपले अवधान दोन प्रकारचे असते. एक, मुद्दाम ताणून धरलेले. दुसरे, आपोआप आणि विनासायास वेधले जाणारे. हिशेब तपासणे, वाहन चालवणे, आजारी माणसाच्या श्वासावर लक्ष ठेवणे ही पहिल्या प्रकारची कामे. हे अवधान स्नायूसारखे थकते. ते थकले की माणूस चिडतो, विसरतो, साध्या गोष्टींत चुकतो. पानांची सळसळ, ढगांची चाल, फुलावर बसणारे फुलपाखरू यांच्याकडे पाहायला मनाला जोर लावावा लागत नाही. त्या वेळात ताणलेल्या अवधानाला विश्रांती मिळते आणि ते पुन्हा ताजे होते.

आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांनी हे वाचून स्वतःकडे पाहावे. दुपारची गोळी दिली की नाही हे आठवेनासे होणे, एकच प्रश्न दहाव्यांदा विचारणाऱ्या सासूबाईंवर आवाज चढणे, आणि मग रात्री त्याची खंत करीत कूस बदलत राहणे, हा स्वभावाचा दोष असेलच असे नाही. अनेकदा तो थकव्याचा परिणाम असतो. दिवसरात्र टवकारलेल्या कानांनी थोडा वेळ दुसरे काही ऐकायला मागितलेले असते. मात्र विसरणे, चिडचिड, झोपमोड हे आठवडेच्या आठवडे चालू राहिले, कशातच मन लागेनासे झाले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तो केवळ थकवा समजू नये; विनासंकोच डॉक्टरांकडे जावे.

आता पुन्हा विद्यार्थ्यांकडे वळू. अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिएटल शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठात भूदृश्य-वास्तुकला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक निराळा अभ्यासक्रम आहे. प्राध्यापक डॅनियल विंटरबॉटम यांनी तो उभा केला. येथे विद्यार्थी केवळ कागदावर नकाशे काढत नाहीत. ज्यांच्यासाठी बाग करायची त्या लोकांना ते आधी भेटतात, त्यांच्याशी बोलतात, आराखडा त्यांच्यापुढे ठेवतात, बदलतात, आणि मग स्वतःच्या हातांनी माती उपसून, गिलावा करून, लाकूड कापून ती बाग बांधतात. कर्करोगग्रस्तांना आधार देणाऱ्या सिएटलमधील संस्थेपासून क्रोएशियातील मनोरुग्णालयापर्यंत अनेक ठिकाणी त्यांनी असे काम केले आहे.

त्यांचे एक काम ग्वाटेमाला या देशाच्या राजधानीतले आहे. त्या शहरातील प्रचंड कचराभूमीच्या कडेला हजारो माणसे राहतात. कचऱ्यातून विकण्याजोगे वेचून त्यांतली अनेक कुटुंबे पोट भरतात. त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी हॅनली डेनिंग या अमेरिकी शिक्षिकेने १९९९ मध्ये ‘कामिनो सेगुरो’, म्हणजे ‘सुरक्षित वाट’, नावाची संस्था सुरू केली. सिएटलच्या विद्यार्थ्यांनी या मुलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी बाग बांधली. तिचे नाव ‘आशेची बाग’ असे ठेवले गेले. ज्या मुलांच्या नजरेला रोज कचऱ्याचे डोंगर पडत, त्यांना खेळायला हिरवा कोपरा मिळाला. ज्या आया दिवसभर वाकून कचरा वेचत, त्यांना पाठ टेकायला जागा मिळाली.

या बागेने त्या कुटुंबांचे दारिद्र्य संपले नाही. होरेशिओच्या बागेने कोणाचा तुटलेला मज्जारज्जू सांधला गेला नाही. मग या जागांनी साधले काय? बोजा तोच राहिला, तो खाली टेकवायला मात्र एक कट्टा मिळाला. आणि तो कट्टा वाटेवरच होता. कुटुंबाला विसाव्यासाठी दूर जावे लागले नाही. सॉल्झबरीची बाग गावाबाहेरच्या एखाद्या रम्य टेकडीवर असती, तर रुग्णाची पत्नी तेथे कधीच गेली नसती. ती कक्षाच्या दारालगत आहे म्हणून ती तेथे बसते. आत काही झाले तर हाक ऐकू येईल, ही खात्री असते म्हणूनच तिचे खांदे सैल होतात.

शुश्रूषा करणाऱ्याच्या विश्रांतीविषयी आपण बोलतो, तेव्हा नेमके हेच विसरतो. ‘मी इथे वाऱ्यावर बसले आणि आत त्यांना ठसका लागला तर?’ ही धास्ती विश्रांतीच्या आड येते, आणि ती खोटी नसते. तिला ‘काही होत नाही हो’ म्हणून उडवून लावण्यात अर्थ नाही. विसाव्याची जागा हाकेच्या अंतरावर असावी आणि त्या वेळेपुरते आत दुसरे विश्वासाचे माणूस बसलेले असावे, या दोन गोष्टी जुळल्या तर ती धास्ती आपोआप निवळते.

अशी जागा प्रत्येक घरात निघू शकते. अंगण असेल तर उत्तमच. पण शहरातल्या दोन खोल्यांच्या घरातही एखादी खिडकी, सज्जाचा कोपरा किंवा इमारतीच्या आवारातील झाडाखालचा बाक असतोच. तेथे पाठ टेकता येईल अशी हातांची खुर्ची कायमची ठेवावी. गुडघे दुखणाऱ्याला उठताना हातांचा आधार लागतो. खुर्ची अशा दिशेला असावी की समोर हिरवे दिसेल, आणि आतला आवाज कानावर येईल. पाच-सहा कुंड्या पुरेत. तुळस, पुदिना, गवती चहा यांची पाने नुसती चुरगळली तरी बोटांना वास लागून राहतो. डोळे अधू झालेल्या वृद्धांना हा आनंद विशेष घेता येतो. मोगऱ्याला भरपूर ऊन लागते, मनीप्लँट सावलीतही तग धरतो. आपल्या जागेत ऊन किती येते हे पाहून झाड निवडावे. वाकणे जमत नसेल, तर कुंड्या कंबरेच्या उंचीच्या भक्कम स्टुलावर किंवा कठड्यावर नीट बांधून ठेवाव्यात. रुग्णाला चाकाच्या खुर्चीतून तेथे आणायचे असेल, तर खुर्ची वळवण्यासाठी साधारण दीड मीटर मोकळी जागा लागते, आणि उंबऱ्यावर उतरती फळी टाकावी लागते.

काही सावधगिरी मात्र आवश्यक आहे. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण पाने-फुले तोंडात घालू शकतात. कण्हेर आणि धोतरा ही झाडे विषारी आहेत, आणि घराघरांत शोभेसाठी ठेवल्या जाणाऱ्या डिफेनबाकियाचे पान चावले गेले तर तोंडाची आग होऊन जीभ सुजते. मनीप्लँटच्या पानांनीही तोंडाला चुरचुर होते, म्हणून तो हाताला लागणार नाही इतका उंच टांगावा. अशा रुग्णाच्या घरात ही काळजी घ्यायलाच हवी. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णाने माती वा कंपोस्ट खत हाताळण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यांत बुरशीचे सूक्ष्म बीजकण असतात. त्याला लांबून पाहण्याचा आनंद घेता येईल. दमेकऱ्याला उग्र वासाच्या फुलांचा त्रास होतो का, हे पाहावे. कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेले पाणी निदान आठवड्यातून एकदा ओतून त्या घासून कोरड्या कराव्यात, नाहीतर विसाव्याच्या जागी डेंगीचे डास होतात. उन्हाळ्यात दुपारी बाहेर बसू नये. सकाळची कोवळी वेळ किंवा दिवेलागणीपूर्वीची घटका बरी. फरशी ओली असताना वृद्धांनी एकट्याने झाडांना पाणी घालायला जाऊ नये.

वेळेविषयीही थोडे सांगायला हवे. रोज वीस मिनिटे बसता आले, तर ते महिन्यातून एकदा मिळणाऱ्या सुट्टीहून अधिक उपयोगी पडेल. त्या वीस मिनिटांत दूरध्वनी घेऊ नये, भाजी निवडू नये, औषधांची यादी करू नये. प्रथम प्रथम हे जमत नाही. रिकामे बसल्याबद्दल अपराधी वाटते. हात सतत कामात असण्याची सवय जडलेल्या पिढीला तर ते फार जड जाते. अशांनी झाडाची वाळलेली पाने खुडावीत, माती हलकेच उकरावी. ते कामही आहे आणि विश्रांतीही. हळूहळू हात थांबतात आणि नजर पानांवर स्थिरावते.

आणि आता या स्तंभाच्या वृद्ध वाचकांना एक विनंती. आपल्या घरात किंवा शेजारात दहा ते वीस वर्षांचे एखादे नातवंड असेलच. ही जागा तयार करण्याचे काम मोठ्यांनी स्वतःकडे न घेता त्याच्याकडे सोपवावे. ‘अभ्यास कर’ आणि ‘आवाज करू नकोस’ या दोन सूचनांपलीकडे आजारपणाच्या घरात मुलांना सहसा काही काम दिले जात नाही. त्यांनाही आजोबांचे आजारपण दिसत असते, आईची ओढाताण दिसत असते. फक्त आपण काय करावे हे त्यांना कोणी सांगत नाही. होरेशिओच्या हाती अधिकार नव्हता, पैसा नव्हता. त्याच्यापाशी नजर होती आणि विचारण्याची नम्रता होती. ती आपल्या मुलांपाशीही असते.

त्या मुलाने वहीत पाच प्रश्न लिहून घ्यावेत आणि आजाऱ्याची सेवा करणाऱ्या घरातल्या माणसासमोर बसावे. दिवसातली कोणती वेळ तुला सर्वांत जड जाते? त्या वेळी ऊन हवेसे वाटते की सावली, सोबत की एकांत? लहानपणापासून आवडणारा एखादा वास, एखादे फूल, एखादे झाड कोणते? बसल्यावर समोर काय दिसावे? आणि पाचवा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: तू बाहेर बसलीस, तर आत कोण बसलेले असले म्हणजे तुझा जीव शांत राहील?

पहिल्या चार प्रश्नांच्या उत्तरांतून जागा तयार होईल. कुंड्या येतील, खुर्ची येईल, एखाद्या रविवारी सगळे मिळून माती भरतील. पाचव्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाने जपून ऐकावे, कारण ‘तू’ असे उत्तर येण्याचा संभव पुष्कळ आहे. तसे आले, तर त्याने रोज संध्याकाळी वीस मिनिटे आजोबांच्या खाटेशेजारी बसावे. ठसका लागला तर काय करायचे, कोणाला हाक मारायची, हे आईने त्याला एकदा नीट समजावून द्यावे आणि मग दार अर्धे उघडे ठेवून बाहेर जाऊन बसावे.